वाचकांचे प्रश्न : मातीच्या ट्रॅकवर बसलेले इंजिन

मातीवरच्या हौशी मोटार शर्यतींविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन मागील अंकात केले होते. त्याला बेळगाव, खानापूर, निपाणी, गोकाक आणि हुक्केरी या भागांतून पत्रे आली आणि त्यांतील बहुतेक पत्रांचा विषय एकच निघाला : इंजिन बसले (म्हणजे आतून बिघडून बंद पडले), दुरुस्त केले, पुन्हा बसले. आपल्या देशात मातीवरची जी हौशी स्पर्धा नियमांच्या चौकटीत चालते ती बहुतांशी ऑटोक्रॉस असते. तीत एकेक गाडी सोडून तिची वेळ मोजतात. लंबवर्तुळाकार ट्रॅकवर एका वेळी अनेक गाड्या पळवण्याचा प्रकार अमेरिकेत रुजलेला आहे. आपल्याकडे तो हौशी मंडळी स्वतःच्या शेतात सरावापुरता करतात. ट्रॅकचा आकार कोणताही असला तरी धुरळा, चिखल आणि सततचे वळण इंजिनाला सारखेच छळतात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत क्रँक (पिस्टनच्या चालीने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) ग्राइंडिंगच्या मशीनवर मी सत्तावीस वर्षे काढली आहेत. त्या अनुभवावरून काही निवडक पत्रांना उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्ही चार मित्रांनी मिळून जुनी मारुती ८०० घेतली आणि पडीक शेतात लंबवर्तुळाकार ट्रॅक केला. गाडी नेहमी डावीकडेच वळते. गेल्या हंगामात इंजिनातून खटखट आवाज येऊ लागला, म्हणून ते उतरवले, तेव्हा मधल्या सिलेंडरचे रॉड बेअरिंग फिरलेले दिसले. क्रँक ग्राइंड करून, नवे शेल घालून इंजिन बांधले आणि सहाव्या दिवशी पुन्हा तेच बेअरिंग गेले. मेस्त्री म्हणतात, शेल हलक्या प्रतीचे होते. दुसऱ्या कंपनीचे शेल घालून पाहावे काय?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : घालू नका. निदान एवढ्यात तरी नाही. नवख्या वाचकांसाठी आधी शब्द सांगतो : रॉड म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, जर्नल म्हणजे क्रँकवरचा तो रॉड जिथे बसतो तो गुळगुळीत भाग, आणि शेल म्हणजे त्या दोहोंमधले बेअरिंगचे पातळ अर्धगोल तुकडे; ते आपल्या जागेवरून सरकून गरगरले की बेअरिंग फिरले म्हणतात. तुमच्या पत्रातला सर्वांत मोलाचा शब्द ‘तेच’ हा आहे. शेल हलके असते, तर तिन्ही सिलेंडरांची बेअरिंगे थोड्याफार प्रमाणात खराब झाली असती. तिन्ही रॉडना एकाच डब्यातले शेल, एकच ऑइल आणि एकच पंप असताना दोनदा नेमके मधलेच बेअरिंग जात असेल, तर दोष त्या एका रॉडपाशी किंवा क्रँकमधून त्या जर्नलकडे जाणाऱ्या ऑइलच्या भोकात शोधला पाहिजे.

शेल आपल्या जागी राहतो तो त्याच्या कडेच्या छोट्या जिभेमुळे राहतो, असा पुष्कळांचा समज आहे. ती जीभ केवळ बसवताना जागा दाखवण्यासाठी असते. शेलचे दोन अर्धे रॉडच्या बिग एंडच्या, म्हणजे क्रँककडच्या टोकाच्या, भोकापेक्षा किंचित मोठे केलेले असतात आणि कॅपचे (त्या टोकाच्या सुट्या अर्ध्या भागाचे) बोल्ट ताणले की ते भोकात घट्ट दाबले जातात. शेलला धरून ठेवतो तो हा दाब. बेअरिंग एकदा फिरले की ते रॉडच्या भोकाचा पृष्ठभाग घासून काढते, उष्णतेने भोक अंडाकृती होते आणि हा दाब उरत नाही. अशा रॉडमध्ये कितीही उंची शेल घातला तरी तो काही दिवसांत पुन्हा फिरणारच. तुमच्या इंजिनात क्रँक दुरुस्त झाला, पण रॉड जुनाच बसवला गेला, असे मला जवळजवळ खात्रीने वाटते. तो रॉड बाहेर काढून, कॅप नेमलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर) आवळून, बिग एंडचे भोक बोअर गेजने निदान तीन दिशांनी मोजून घ्या. ते गोल नसेल किंवा आतून निळसर पडलेले असेल, तर रॉड बदला. ८०० चे रॉड दुर्मिळ नाहीत. तो घासूनपुसून पुन्हा वापरण्यात काही शहाणपण नाही.

हे मी इतक्या ठामपणे लिहितो, कारण ही चूक माझ्या हातूनही झालेली आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाचा क्रँक मी ०.२५ मिलिमीटर अंडरसाइझ (मूळ मापापेक्षा बारीक) ग्राइंड करून दिला. काम चोख झाले होते, जर्नल आरशासारखे निघाले होते, पण “रॉड कुठे आहेत?” हा एक प्रश्न मी विचारला नाही. ते इंजिन आठ दिवसांत परत आले आणि त्या माणसाने पहिल्या कामासाठी कर्ज काढले होते, हे मला तेव्हा कळले. त्या दिवसापासून फिरलेल्या बेअरिंगचा क्रँक रॉडशिवाय मी मशीनवर चढवला नाही.

आता त्याआधीचा प्रश्न : पहिल्या वेळी बेअरिंग का गेले? याचे उत्तर बहुधा तुमच्या डाव्या वळणात आहे. वळणाची त्रिज्या ३० मीटर आणि वेग ताशी ४५ किलोमीटर धरला, तर गाडीवर बाहेरच्या बाजूला जो जोर पडतो तो गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याहून थोडा अधिक भरतो. इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या चेंबरमधल्या ऑइलचा पृष्ठभाग त्या वेळी सपाट राहत नाही, तो सुमारे २८ अंशांनी कलतो. चेंबर ३० सेंटिमीटर लांब असेल, तर त्याच्या एका टोकाला ऑइल दुसऱ्या टोकापेक्षा १५ सेंटिमीटरांहूनही अधिक उंच चढू पाहते. चेंबरची खोली तेवढी नसतेच; म्हणजे ऑइल उजव्या टोकाला गोळा होऊन वर क्रँकच्या दिशेने चढते आणि दुसरे टोक उघडे पडते. तुमच्या गाडीत इंजिन आडवे बसवलेले असल्यामुळे हे सरकणे क्रँकच्या लांबीच्या दिशेने होते. जिप्सीसारख्या उभ्या इंजिनात ते क्रँकच्या आडव्या दिशेने होते. ऑइल ओढून घेणारी जाळी उघड्या पडलेल्या बाजूला असेल, तर पंप ऑइलऐवजी हवा ओढतो.

३० मीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळ सुमारे ९४ मीटर लांब भरते आणि या वेगाने ते पार करायला साडेसात सेकंद लागतात. इंजिन मिनिटाला ५,००० फेऱ्यांवर असेल, तर तेवढ्या वेळात क्रँक सहाशेहून अधिक वेळा फिरतो. जर्नल आणि शेल यांच्यामध्ये ऑइलचा जो पापुद्रा असतो त्याची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावी लागते. त्या सहाशे फेऱ्यांपैकी काही फेऱ्यांत त्या पापुद्र्यात हवेचे बुडबुडे आले, तर धातूला धातू लागतो. रस्त्यावरच्या गाडीलाही वळणे असतात, पण ती क्षणभराची आणि दोन्ही बाजूंची असतात. तुमची गाडी प्रत्येक फेरीत दोनदा, एकाच बाजूला, इतका वेळ वळते.

डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवा या कामी उपयोगाचा नाही. दाब जवळजवळ संपल्यावरच तो लागतो आणि वळण घेताना चालवणाऱ्याचे लक्ष तिकडे नसतेही. त्या दिव्याच्या स्विचच्या जागी नळी जोडून चालणारे साधे काट्याचे गेज बसवा आणि शेजारी एका मित्राला केवळ काट्याकडे पाहण्यासाठी बसवा. त्याला हेल्मेट आणि पट्टा अर्थातच हवा. डाव्या वळणात काटा पडतो की नाही ते पाहा. मग ट्रॅक मोकळा असताना दोन-चार फेऱ्या उलट दिशेने, उजवी वळणे घेत मारा. डावीकडे काटा पडतो आणि उजवीकडे स्थिर राहतो असे दिसले, तर निदान पक्के झाले असे समजा. हजार फेऱ्यांमागे १० पौंड दाब, म्हणजे ५,००० फेऱ्यांवर सुमारे ५० पौंड, हा शर्यतीच्या गाड्यांसाठीचा जुना ठोकताळा आहे. मात्र आकड्यापेक्षा काटा वळणात थरथरतो का, याकडे अधिक लक्ष द्या.

इलाज चेंबरमध्ये आहे. जाळीभोवती पत्र्याच्या उभ्या भिंती घालून एक छोटी पेटी करावी आणि त्या भिंतींना आतल्या बाजूलाच उघडणाऱ्या बिजागरीच्या झडपा लावाव्यात, म्हणजे ऑइल जाळीकडे येऊ शकते, पण वळणात तिथून निसटू शकत नाही. पेटीवर आडवा पत्राही हवा, नाहीतर ऑइल भिंत चढून जाते. जाळी आणि चेंबरचा तळ यांत ६ ते १० मिलिमीटर अंतर राहिले पाहिजे; कमी राहिले तर ओढ कोंडते, जास्त राहिले तर हवा लवकर शिरते. वेल्डिंगचे सगळे दाणे छिन्नीने काढून चेंबर दोनदा धुतल्याशिवाय बसवू नका. काही जण यावर उपाय म्हणून एक लिटर ऑइल जास्त भरतात. तसे केल्यास क्रँक त्या ऑइलवर आपटतो आणि त्याचा फेस होतो, आणि फेस पंपाने ओढला काय किंवा हवा ओढली काय, बेअरिंगला दोन्ही सारखेच.

शेवटी, बेअरिंग फिरले म्हणजे त्याच्या धातूचा चुरा इंजिनभर गेलेला असतो. क्रँकमधल्या तिरप्या भोकांत, ब्लॉकच्या ऑइल गॅलरीत (ऑइल वाहण्याच्या वाटेत), पंपाच्या गिअरमध्ये आणि जाळीत तो दडून बसतो. गॅलरीच्या टोकाचे प्लग काढून, लांब ब्रश घालून, डिझेल आणि कॉम्प्रेसरच्या हवेने प्रत्येक भोक साफ झाले पाहिजे. पंप उघडून त्याच्या गिअरवर आणि झाकणावर ओरखडे पाहावेत. फिल्टर तर बदलायचाच, पण जुना फेकण्यापूर्वी कापून त्याचा कागद उलगडून पाहावा. तुमच्या इंजिनात काय घडले हे त्या कागदाइतके स्पष्ट कोणी सांगणार नाही. इंजिन बांधल्यावर स्पार्क प्लग काढून ठेवून, गेजवर दाब दिसेपर्यंत स्टार्टर थांबत थांबत फिरवावा आणि त्यानंतरच गाडी सुरू करावी.

प्रश्न : आमच्या जिप्सीला दर हंगामात नव्या रिंगा टाकतो, तरी दोन-तीन सरावांनंतर निळा धूर येतो आणि ऑइल कमी होते. रिंगा मूळ कंपनीच्याच आहेत.
— एक वाचक, निपाणी

उत्तर : नुसत्या रिंगा बदलण्याला आमच्याकडे दुरुस्ती म्हणत नाहीत. बोअर (सिलेंडरचे भोक) वरच्या टोकाला झिजून निमुळता झालेला असेल, तर नवी रिंग त्याला सर्व बाजूंनी टेकत नाही. आणि बोअरला होनिंग करून बारीक तिरप्या रेषा पाडल्या नसतील, तर रिंग तिथे बसतही नाही. प्रथम चारही सिलेंडरांचे कॉम्प्रेशन (आतला दाब) गरम इंजिनावर, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून मोजा. सिलेंडरांमधला फरक दर चौरस सेंटिमीटरला एक किलोहून जास्त असेल, तर कमी असलेल्या सिलेंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर दोष रिंगांत किंवा बोअरमध्ये, आणि चढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (सिलेंडरांवरचे झाकण, म्हणजे हेड, आणि ब्लॉक यांच्यामधले पॅकिंग) तपासा. मग बोअर वर, मध्ये आणि खाली मोजून घ्या. झीज मर्यादेबाहेर असेल तर ०.२५ किंवा ०.५० ओव्हरसाइझ पिस्टन घालून बोअरिंग करण्यावाचून गत्यंतर नाही.

परंतु दर हंगामात हे होते याचा अर्थ इंजिन धुरळा खात आहे, आणि तो कुठून खाते हे शोधले नाही तर नवे बोअरिंगही पुढच्या हंगामात जाईल. आपल्याकडे खानापूरच्या बाजूची तांबडी माती आणि चिकोडी-अथणीच्या बाजूची काळी माती, दोन्हींचा वाळल्यावर पिठासारखा धुरळा होतो. मातीतले गारेचे कण बिडाहून कठीण असतात; ऑइलमध्ये मिसळले की ते पॉलिश पेपरासारखे काम करतात. एक सोपी तपासणी सांगतो. एअर फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे इंजिनाकडच्या, पाइपाच्या आतल्या भिंतीला बोटाने ग्रीसचा पातळ थर द्या आणि एक सराव करा. नंतर तोच थर पांढऱ्या फडक्याने पुसा. फडक्यावर करकर लागली किंवा तांबूस रेघ आली, तर फिल्टर असूनही माती आत जात आहे. पाइपाची क्लिप, फिल्टरच्या डब्याचे रबर, व्हॅक्यूमची तुटलेली बारीक नळी आणि ऑइलच्या काडीचे सैल टोपण या जागा आधी पाहा. मी पाहिलेल्या गाड्यांत फिल्टरच्या कागदापेक्षा या जागांनीच जास्त इंजिने खाल्ली आहेत.

कागदी फिल्टर कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने झाडण्याची सवय सोडा, कारण कागदाला पडलेली बारीक भोके डोळ्यांना दिसत नाहीत. फिल्टरवर ऑइल लावलेल्या फोमचे आवरण चढवा आणि ते प्रत्येक सरावानंतर धुवा. ट्रॅक्टरच्या हवेच्या नळीवर धुरळा गरगर फिरवून बाहेर टाकणारी जी वाटी असते ती लावण्याची कल्पना चांगली आहे, आपल्या भागात ती कुठेही मिळते. ट्रॅक्टरचा ऑइल-बाथ फिल्टर मात्र लावू नका, कारण सततच्या वळणात त्यातले ऑइल कलून इंजिनात ओढले जाऊ शकते. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे सरावाआधी ट्रॅकवर टँकरने पाणी मारणे. शेतीला पाण्याची ओढ असेल त्या दिवसांत अर्थात सरावच पुढे ढकलावा.

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत आयोवा राज्यात असून, शनिवारी मित्राच्या गाडीबरोबर तेथील मातीच्या ट्रॅकवर मदतीला जातो. त्यांचे इंजिन शर्यतीत बसले, पण ते उघडण्याची त्यांना परवानगी नाही असे तो सांगतो. स्वतःचे इंजिन उघडू नये, हा कसला नियम? आणि तेथे सगळे डावीकडेच का वळतात?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : आपले चिरंजीव योग्य ठिकाणी पोहोचले आहेत. मातीच्या शर्यतींचे आयोवा हे माहेर म्हणावे असे राज्य आहे. तेथील नॉक्सव्हिलच्या अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर १९६१ पासून स्प्रिंट कारची (उघड्या चाकांच्या हलक्या शर्यती गाड्यांची) राष्ट्रीय स्पर्धा भरते आणि हौशी शर्यतींचे नियमन करणारी आय. एम. सी. ए. ही १९१५ साली स्थापन झालेली संस्थाही त्याच राज्यात आहे.

न उघडण्याचा नियम खर्चाला आळा घालण्यासाठी आहे. हौशी वर्गात ज्याच्याकडे पैसा जास्त त्याचे इंजिन जास्त जोरकस, असे होऊ लागले की साधी माणसे शर्यत सोडतात. म्हणून काही वर्गांत कारखान्यातून बांधून आलेले, ठरावीक बनावटीचे इंजिनच वापरावे लागते. जनरल मोटर्सची ६०२ आणि ६०४ ही इंजिने त्यांपैकी सर्वाधिक परिचयाची आहेत. दोन्ही ३५० घन इंचांची, म्हणजे सुमारे ५.७ लिटरची, आठ सिलेंडरांची असून त्यांची कंपनीने दिलेली ताकद अनुक्रमे ३५० आणि ४०० अश्वशक्ती आहे. त्यांच्या महत्त्वाच्या जोडांवर खास सील बोल्ट असतात. ते तुटले तर इंजिन नियमबाह्य ठरते, आणि मान्यताप्राप्त दुरुस्ती केंद्रानेच ते उघडून, दुरुस्त करून पुन्हा सील करावे लागते. काही वर्गांत दुसरी युक्ती आहे : जिंकणाऱ्याचे इंजिन ठरलेल्या किमतीत मागून घेण्याचा हक्क इतर स्पर्धकांना असतो, त्यामुळे कोणी त्यात अवाच्या सवा पैसा ओतत नाही. हा दुसरा नियम मला फार आवडतो. आपल्याकडे कोणी असा वर्ग सुरू केला, तर गावागावांतील गॅरेजवाली मुले त्यात उतरू शकतील.

अमेरिकेत लंबवर्तुळाकार ट्रॅकवरच्या शर्यती घड्याळाच्या उलट दिशेने धावण्याची प्रथा सर्वत्र आहे. त्यामुळे तिथल्या इंजिनांचे दुखणे एकाच बाजूचे असते. आठ सिलेंडरांचे इंजिन गाडीत उभे बसवलेले असते, डाव्या वळणात ऑइल उजव्या बाजूला जाते, आणि चेंबरमधलेच नव्हे तर उजव्या हेडवर गेलेले ऑइलही लवकर खाली उतरत नाही. म्हणून तिथले चेंबर उजव्या बाजूला फुगवलेले असतात आणि जाळीही तिकडेच ठेवलेली असते. वर खानापूरच्या मित्रांना जे सांगितले त्याचेच हे मोठे रूप आहे. चिरंजीवांना एवढे कळवा की सील न तोडताही पुष्कळ काही पाहता येते : फिल्टर कापता येतो, कॉम्प्रेशन मोजता येते, प्लगच्या भोकातून छोटा कॅमेरा घालता येतो आणि ऑइल पांढऱ्या ताटात ओतून त्यात चकाकणारे कण शोधता येतात. दुरुस्ती केंद्राला ते निष्कर्ष लेखी दिले, तर काम लवकर आणि नेमके होते.

प्रश्न : वळणात ऑइलचा दाब पडतो, म्हणून जाड ऑइल घातले तर चालेल काय?
— एक वाचक, संकेश्वर

उत्तर : नाही. जाळी उघडी पडल्यावर ती पातळ ऑइलही ओढत नाही आणि जाडही ओढत नाही. उलट जाड ऑइल चेंबरमध्ये परत यायला अधिक वेळ घेते. इंजिन जुने असेल आणि फटी वाढलेल्या असतील तर २०डब्ल्यू-५० या जाड प्रकारचे ऑइल वापरण्याला हरकत नाही, परंतु ते वळणातल्या रोगावरचे औषध नव्हे. पहिले उत्तर वाचावे.

प्रश्न : वर्षात तीन वेळा हेड गॅस्केट उडाली. हेड फेसिंग प्रत्येक वेळी केले आहे. रेडिएटर नवा आहे. आता हेडच बदलावे असे गॅरेजवाल्यांचे मत आहे.
— एक वाचक, गोकाक

उत्तर : हेड बदलण्याआधी ब्लॉककडे पाहा. फेसिंग, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट करणे, हेडचे होते, पण गॅस्केट दोन पृष्ठभागांमध्ये दाबली जाते आणि दुसरा पृष्ठभाग ब्लॉकचा असतो. सरळ पट्टी लांबीला, रुंदीला आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खाली फिलर गेज घालून पाहा. अशा छोट्या इंजिनांत ०.०५ मिलिमीटरची पाती सरकत असेल, तर पृष्ठभाग सपाट नाही असेच समजावे. प्रत्येक फेसिंगने हेडची उंची कमी होते आणि कॉम्प्रेशन वाढते, हेही विसरू नका. तीनदा फेसिंग झालेल्या इंजिनात ठोका (सिलेंडरमधले इंधन एकदम भडकून बसणारा दणका) येण्याचा संभव वाढतो आणि तो ठोकाच पुढची गॅस्केट फोडतो.

त्यानंतर बोल्टांची भोके. ब्लॉकमधल्या बंद भोकात पाणी किंवा ऑइल राहिले, तर बोल्ट खाली टेकण्याआधीच द्रवावर अडतो. पान्यावर टॉर्क पूर्ण दिसतो, पण हेड घट्ट बसलेले नसते, आणि कधी कधी ब्लॉकला तडाही जातो. भोके हवेने साफ करा, आटे टॅप फिरवून स्वच्छ करा आणि बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूस, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानेच आवळा. अंदाजाने आवळणारे कसबी हात मी पाहिले आहेत, त्यांचा मला आदरही आहे, पण हेडच्या बाबतीत मी त्यांच्यावरही भरवसा ठेवत नाही.

रेडिएटर नवा असला तरी गोकाकच्या काळ्या मातीचा चिखल त्याच्या जाळीत एकदा वाळला की हवा जात नाही. तो इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या बाजूस, कमी दाबाच्या पाण्याने धुवावा. जोरदार फवाऱ्याने जाळीची पाती वाकतात. रेडिएटरचे टोपणही तपासून घ्या. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांवरच्या बेळगावात साधे पाणी ९७-९८ अंशांनाच उकळते आणि गोकाकही उंचावरच आहे. टोपणाने दाब धरला तरच उकळण्याची पातळी वर जाते. पन्नास-साठ रुपयांच्या रबरासाठी हेड घालवलेले लोक माझ्या माहितीत आहेत. इंजिन गार असताना सुरू करून लगेच वरचा होज दाबून पाहा : तो पहिल्या मिनिटातच टणक होत असेल, तर सिलेंडरमधला वायू पाण्यात शिरत आहे आणि गॅस्केट आताही फुटलेलीच आहे.

प्रश्न : सरावात गिअर चुकून खालचा पडला, इंजिन किंचाळले आणि रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला. गाडी ८०० आहे. ब्लॉकला पॅच मारून वापरता येईल काय? मुलाचे कष्ट वाया जाऊ नयेत असे वाटते.
— एक वाचक, हुक्केरी तालुका

उत्तर : मुलाला काही इजा झाली नाही ना, हे आपण लिहिलेले नाही; झाली नसावी असे धरून चालतो. गरम ऑइल एक्झॉस्टवर पडून आग लागण्याचा धोका अशा वेळी मोठा असतो, म्हणून यापुढे गाडीत हाताशी अग्निशामक असल्याशिवाय त्याला सराव करू देऊ नका.

फेऱ्या वाढल्या की रॉडच्या बोल्टांवरचा ताण सरळ प्रमाणात वाढत नाही, फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६,००० वरून ७,००० वर गेले की तो ३६ टक्क्यांनी वाढतो. चुकलेल्या गिअरमध्ये चाकेच इंजिनाला ओढत असल्याने त्याला वरची मर्यादाच राहत नाही. शेल हाती लागले असतील तर पाहा : कॅपकडचा अर्धा अधिक घासलेला असेल, तर हाताबाहेर गेलेल्या फेऱ्यांचा हा परिणाम आहे, पिस्टनकडचा अर्धा अधिक घासलेला असेल, तर इंजिनात आधीपासून ठोका होता, आणि गिअर हे निमित्त ठरले.

आता ब्लॉकविषयी. ८०० चा ब्लॉक बिडाचा असतो. बीड साध्या वेल्डिंगने जोडले की जोडाच्या शेजारी गार होताना नवा तडा पडतो. त्यासाठी आधी सावकाश तापवणे, निकेलच्या काड्या आणि नंतर राखेत किंवा वाळूत तासन् तास सावकाश गार करणे लागते. बेळगावच्या फाउंड्र्यांमध्ये हे काम जाणणारे लोक आहेत. भोक चेंबरजवळच्या पातळ भिंतीत, मेन बेअरिंग (ब्लॉकमध्ये क्रँकला धरणारे बेअरिंग) आणि बोअर यांपासून दूर असेल, तर पॅच टिकू शकतो. भोक मेन बेअरिंगच्या आधाराशेजारी किंवा बोअरच्या खालच्या कडेला असेल, तर पॅचने ऑइल थांबेल, पण भिंतीची ताकद परत येणार नाही, आणि पुढच्या वेळी क्रँकच बाहेर येईल. शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने मेनची रेषा हलते. ती लाइन बोअरिंगने सरळ करून घ्यावी लागते आणि तो खर्च धरला, तर जुन्या गाडीचे चांगले हाफ इंजिन (हेडशिवायचा, क्रँक आणि पिस्टनांसह ब्लॉक) बहुधा स्वस्त पडते. ८०० चे उत्पादन २०१४ साली बंद झाले असले तरी मोडीत निघालेल्या गाड्यांतून तसा ब्लॉक मिळू शकतो.

मुलाचे कष्ट वाया जाणार नाहीत. फुटलेले इंजिन मोडीत घालण्याआधी त्याला स्वतःच्या हाताने पूर्ण उघडू द्या, प्रत्येक शेल आणि प्रत्येक बोल्ट पाटावर क्रमाने मांडू द्या, आणि नवे हाफ इंजिन बसवताना तेच सगळे पुन्हा मोजायला सांगा. त्याची मापे एका कागदावर लिहून माझ्याकडे पाठवावीत. बेअरिंगची फट जर्नलच्या व्यासाच्या हजाराव्या भागाच्या आसपास आहे की नाही, म्हणजे ४० मिलिमीटरच्या जर्नलला ०.०४ मिलिमीटरच्या जवळपास, हे मी तपासून कळवीन.